‘ओन्ली’, ‘फक्त’ आणि ‘च’ : एका क्रियाविशेषणाचा अर्थ, प्रयोग आणि उगम

इंग्रजीत अत्यंत वारंवार येणाऱ्या क्रियाविशेषणांत ‘ओन्ली’ या शब्दाची गणना होते. शाळेत त्याचा अर्थ ‘फक्त’ असा शिकविला जातो व पुढे कोणालाही त्याविषयी शंका येत नाही. परंतु कायद्याचे कलम, शासकीय सूचना, खरेदीखत किंवा धनादेश यांची भाषा तपासू लागताच हा सोपा शब्द अवघड होतो. त्याचे स्थान एका शब्दाने पुढेमागे सरकले तरी वाक्याचा अर्थ बदलतो. मराठीत त्याच्यासाठी ‘केवळ’, ‘मात्र’, ‘फक्त’, ‘नुसता’, ‘निव्वळ’ आणि ‘च’ असे अनेक पर्याय आहेत. त्यांतील कोणताही एक सर्वत्र चालत नाही. प्रस्तुत लेखात या शब्दाची घडण, त्याचे निरनिराळे प्रयोग आणि मराठीतील त्याचे प्रतिशब्द यांचा विचार केला आहे. उदाहरणे मुख्यतः कर्जत–खालापूर या परिसरातील व्यवहारातून रचली आहेत. कारण रेल्वे, महामार्ग आणि जमिनीचे हस्तांतर या तिन्ही निमित्तांनी इंग्रजी व मराठी लेखनाचा तेथे नित्य संबंध येतो.

१. इंग्रजी शब्दाची घडण

‘ओन्ली’ हा शब्द जुन्या इंग्रजीतील ‘आन्लीच्’ या विशेषणापासून आला आहे. त्यातील ‘आन्’ म्हणजे ‘एक’ आणि ‘लीच्’ म्हणजे मूळ अर्थाने ‘देह’ किंवा ‘रूप’. आजच्या इंग्रजीतील ‘लाइक’ (सारखा) हा शब्द आणि क्रियाविशेषणांच्या अखेरीस येणारा ‘ली’ हा प्रत्यय यांचे मूळ तेच. अर्थात ‘ओन्ली’चा व्युत्पत्त्यर्थ ‘एकरूप’, ‘एकासारखा’, म्हणजेच ‘ज्याच्या जोडीला दुसरा नाही असा’ हा होय. ‘ओन्ली चाइल्ड’ या प्रयोगात हा मूळ अर्थ आजही टिकून आहे. मराठीत तेथे ‘फक्त’ येऊच शकत नाही. ‘एकुलता’ किंवा ‘एकमेव’ हेच शब्द येतात, आणि त्या दोहोंतही ‘एक’ आहे. ‘एकमेव’ हा तर ‘एकम्’ आणि ‘एव’ यांचा संधी आहे.

उच्चाराच्या दृष्टीने एक गोष्ट नोंदविण्यासारखी आहे. ‘एक’ या अर्थाच्या इंग्रजी शब्दाचा उच्चार पुढे ‘वन’ असा झाला. परंतु ‘ओन्ली’, ‘अलोन’ (मूळ ‘ऑल’ अधिक ‘वन’) आणि ‘अटोन’ (मूळ ‘ॲट’ अधिक ‘वन’) या शब्दांत जुना ‘ओ’कारयुक्त उच्चार कायम राहिला. त्यामुळे आजच्या इंग्रजी भाषकाला ‘ओन्ली’ मध्ये ‘एक’ ऐकू येत नाही. लेखनात मात्र तो स्पष्ट दिसतो.

‘जोडीला दुसरा नाही’ या मूळ अर्थातून क्रियाविशेषणाचे पुढील प्रयोग निर्माण झाले. पहिला निरासाचा : अमुकच, इतर नाही. दुसरा अल्पत्वाचा : ‘ओन्ली थ्री’ म्हणजे अपेक्षेपेक्षा कमी, अवघे तीन. तिसरा काळाच्या जवळिकीचा : ‘ओन्ली यस्टरडे’ म्हणजे ‘कालच’, येथे इतर दिवसांचा निरास अभिप्रेत नसून घटना किती अलीकडची आहे हे सांगावयाचे असते. चौथा उभयान्वयी : ‘आलो असतो, ओन्ली पाऊस होता’ या जातीच्या वाक्यांत तो ‘परंतु’चे काम करतो. पाचवा रकमेच्या अखेरीस येणारा. त्याचा विचार पुढे स्वतंत्रपणे केला आहे. या पाचांपैकी ‘फक्त’ हा प्रतिशब्द पहिल्या, दुसऱ्या व पाचव्या प्रयोगात चालतो. तिसऱ्यात ‘च’ आवश्यक ठरतो व चौथ्यात ‘मात्र’. ‘तो काल फक्त आला’ असे ‘कालच आला’ या अर्थी कोणी म्हणत नाही.

२. स्थानाविषयीचा वाद

इंग्रजी वाक्यात ‘ओन्ली’ कोठे ठेवावा, हा वाद निदान अडीच शतके चालू आहे. बिशप रॉबर्ट लोथ यांनी १७६२ साली प्रसिद्ध केलेल्या इंग्रजी व्याकरणात, हा शब्द ज्याला मर्यादित करतो त्याच्या शेजारीच असावा, असा आग्रह धरला. ‘मी तीनच शब्द बोललो’ या अर्थाच्या वाक्यात ‘ओन्ली’ क्रियापदापूर्वी न ठेवता ‘तीन’च्या पूर्वी ठेवला पाहिजे, असे त्यांचे म्हणणे होते. पुढे शालेय व्याकरणांतून हाच नियम रूढ झाला. १९२६ साली एच. डब्ल्यू. फाउलर यांनी आपल्या प्रसिद्ध प्रयोगकोशात या नियमाच्या अतिरेकाला विरोध केला. बोलण्यात ‘ओन्ली’ स्वाभाविकपणे क्रियापदाजवळ येतो आणि आघातामुळे अर्थ कळतो. जेथे संदिग्धता खरोखर संभवते तेथेच स्थानाची काळजी घ्यावी, अशी त्यांची भूमिका होती.

या वादाचे मर्म आघातात आहे. बोलणारा ज्या शब्दावर जोर देतो त्याच्याशी ‘ओन्ली’ जोडला जातो, तो वाक्यात दूर असला तरीही. १९८५ साली मॅट्स रूथ यांनी आपल्या प्रबंधात या संबंधाची अर्थविज्ञानाच्या अंगाने पद्धतशीर मांडणी केली. परंतु आघात कागदावर उतरत नाही. म्हणून जे वाक्य बोलताना निःसंदिग्ध असते ते लेखनात संदिग्ध होते. सूचनाफलक, करार आणि कायदा हे तर केवळ लेखी स्वरूपातच अस्तित्वात असतात.

मराठीतही स्थानाने अर्थ बदलतो, परंतु निराळ्या रीतीने. पुढील वाक्ये पाहावीत :

(अ) फक्त ही गाडी कर्जतपर्यंत जाते.
(आ) ही गाडी फक्त कर्जतपर्यंत जाते.
(इ) ही गाडी कर्जतपर्यंतच जाते.

पहिल्या वाक्याने इतर गाड्यांचा निरास होतो. दुसऱ्या व तिसऱ्या वाक्याने कर्जतच्या पुढील स्थानकांचा. १८५६ मध्ये ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेचा मार्ग खोपोलीपर्यंत आला; १८६३ मध्ये बोरघाटातील मार्ग खुला झाल्यावर मुख्य मार्ग घाट चढून पुण्याकडे गेला आणि खोपोली शाखामार्गाच्या टोकाला राहिली. तेव्हापासून खोपोलीच्या उतारूला (अ) आणि (आ) यांतील भेद व्याकरणाचा नसून प्रवासाचा आहे.

३. मराठीतील प्रतिशब्द व त्यांचे मूळ

‘केवळ’ हा संस्कृत ‘केवल’. त्याचा मूळ अर्थ ‘एकटा, न मिसळलेला, शुद्ध’. म्हणूनच मराठीत ‘केवळ’मध्ये ‘दुसरे काही न मिसळता, तेवढ्यानेच’ ही छटा प्रबळ असते. ‘निव्वळ’ आणि ‘नुसता’ हे शब्दही याच अंगाचे आहेत.

‘मात्र’ हा संस्कृत ‘मा’ (मोजणे) या धातूशी संबद्ध आहे. ‘नाममात्र’, ‘क्षणमात्र’ यांत तो ‘तेवढेच माप’ हा अर्थ देतो. स्वतंत्र अव्यय म्हणून त्याचा अर्थ आज ‘परंतु, त्याउलट’ असा झाला आहे : ‘इतर गावांना पाणी मिळाले, या वाडीला मात्र मिळाले नाही.’ येथे निरासाचा अर्थ विरोधाच्या अर्थात कसा परिणत होतो ते दिसते. एखादी वस्तू इतरांपासून वेगळी काढली म्हणजे तिच्याविषयी वेगळे विधान करण्याची सोय होते. ‘ओन्ली’च्या उभयान्वयी प्रयोगातही नेमके हेच घडले आहे. परस्परांशी संबंध नसताना दोन भाषा एकाच वाटेने गेल्याचे हे उदाहरण आहे.

‘फक्त’ हा मूळचा अरबी ‘फकत’. ‘फ’ म्हणजे ‘तर, मग’ आणि ‘कत’ म्हणजे ‘पुरे’; मिळून ‘आणि बस्स’. फारसीच्या द्वारे तो दख्खनच्या दप्तरांत आला व तेथून मराठीत स्थिरावला. मोल्सवर्थच्या कोशात त्याची नोंद अरबी मूळ दाखवून केलेली आहे. ज्या राज्यव्यवहाराने ‘तालुका’, ‘महाल’, ‘मामलेदार’ आणि ‘दप्तर’ हे शब्द दिले त्यानेच ‘फक्त’ही दिला. शिवाजी महाराजांच्या आज्ञेवरून रचलेल्या ‘राज्यव्यवहारकोशा’त फारसी-अरबी शब्दांना संस्कृत पर्याय सुचविले गेले, परंतु त्या कोशाचा भर पदे, खाती, शस्त्रे, वस्तू यांच्या नावांवर, म्हणजे नामांवर होता. ‘फक्त’, ‘जलद’, ‘जास्त’, ‘बिलकूल’, ‘दररोज’ यांसारखी क्रियाविशेषणे भाषेत इतकी मुरली आहेत की ती परकी आहेत याची जाणीवही सामान्य भाषकास राहिलेली नाही.

‘च’ची गोष्ट याहून जुनी आहे. माहाराष्ट्री प्राकृतात ‘चेअ’, ‘चिअ’, ‘च्च’ अशी अव्यये आढळतात व बाराव्या शतकात हेमचंद्राने आपल्या प्राकृत व्याकरणात ती अवधारणार्थक म्हणून दिली आहेत. जुन्या मराठीत त्यांचे ‘चि’ असे रूप दिसते. ज्ञानेश्वरीत ते पदोपदी येते. आजचा ‘च’ हा त्याचाच अवशेष. तो स्वतंत्र उभा राहत नाही; ज्या पदाला मर्यादा घालावयाची त्याच्या अखेरीस, विभक्तिप्रत्ययाच्या आणि शब्दयोगी अव्ययाच्याही नंतर, तो चिकटतो.

४. ‘एव’विषयीचा शास्त्रीय विचार

संस्कृतात ‘च’चे काम ‘एव’ करतो, आणि ‘एव’चा विचार भारतीय तर्कशास्त्राने जितक्या बारकाईने केला तितका अन्यत्र क्वचितच झाला असेल. सातव्या शतकातील बौद्ध आचार्य धर्मकीर्ती याने ‘एव’चे तीन व्यापार सांगितले आहेत. तो विशेषणापुढे आल्यास अयोगव्यवच्छेद, विशेष्यापुढे आल्यास अन्ययोगव्यवच्छेद, आणि क्रियापदापुढे आल्यास अत्यंतायोगव्यवच्छेद होतो. परंपरागत उदाहरणे बाजूस ठेवून मराठी वाक्यांनी हे असे दाखविता येईल :

(अ) खोपोली घाटाच्या पायथ्यालाच आहे.
(आ) खोपोलीच घाटाच्या पायथ्याला आहे.
(इ) घाटाच्या पायथ्याला पाऊस पडतोच.

पहिल्या वाक्याने खोपोलीचा पायथ्याशी संबंध नाही, ही शंका दूर होते. दुसरी गावेही पायथ्याला असू शकतात. दुसऱ्या वाक्याने इतर गावांचा निरास होतो, आणि म्हणून ते वाक्य असत्य ठरते. तिसऱ्या वाक्याने संबंध मुळीच नसण्याची शक्यता नाकारली जाते. पाऊस सतत पडतो असे त्यात म्हटलेले नाही. एकच अव्यय, तेच शब्द. ‘च’च्या जागेवर सत्यासत्यता अवलंबून राहते.

युरोपीय परंपरेतही या प्रश्नाचा विचार झाला आहे. मध्ययुगीन तार्किकांनी लॅटिन ‘तांतुम्’ (केवळ) या शब्दाने युक्त वाक्याचे दोन वाक्यांत विवरण केले : ‘अमुक तसा आहे’ आणि ‘अमुकाहून अन्य कोणी तसा नाही’. यांतील कोणते विधान प्रत्यक्ष केलेले व कोणते गृहीत धरलेले, हा प्रश्न लॉरेन्स हॉर्न यांनी १९६९ साली ‘ओन्ली’ आणि ‘ईव्हन’ या शब्दांवरील निबंधात नव्याने मांडला. त्यांच्या मते पहिले गृहीत असते व दुसरे प्रतिपादिले जाते. ‘फक्त कर्जतची गाडी वेळेवर नाही’ असे म्हणताच कर्जतची गाडी उशिरा आहे हे श्रोत्याने मान्य केलेलेच असते; नवी माहिती इतर गाड्यांविषयी असते.

५. ‘फक्त’ आरंभ दाखवितो, ‘च’ अखेर

‘फक्त’ आणि ‘च’ हे बहुतेक ठिकाणी समानार्थी मानले जातात. परंतु त्यांच्या जागा परस्परविरुद्ध आहेत. ‘फक्त’ पदसमूहाच्या आधी येतो, ‘च’ अखेरीस. त्यामुळे पदसमूह दीर्घ असल्यास ‘फक्त’ची व्याप्ती कोठे संपते ते कळत नाही. ‘फक्त खालापूर तालुक्यातील शेतकऱ्यांना बियाणे मिळेल’ या वाक्यात निरास कोणाचा? इतर तालुक्यांचा, की शेतकरी नसलेल्या रहिवाशांचा? ‘च’ने हे भेद दाखविता येतात : ‘खालापूर तालुक्यातीलच शेतकऱ्यांना बियाणे मिळेल’ यात इतर तालुके वगळले जातात, ‘खालापूर तालुक्यातील शेतकऱ्यांनाच बियाणे मिळेल’ यात लाभार्थी ठरतात, ‘खालापूर तालुक्यातील शेतकऱ्यांना बियाणेच मिळेल’ यात खत वगळले जाते.

‘च’लाही मर्यादा आहे. ‘खालापूर तालुक्यातील शेतकऱ्यांनाच’ या रचनेत मर्यादित पदसमूहाची अखेर कळते, आरंभ कळत नाही. म्हणून मराठी बोलणारा अनेकदा दोन्ही शब्द वापरतो : ‘फक्त खालापूर तालुक्यातील शेतकऱ्यांनाच’. ही द्विरुक्ती व्याकरणदोष म्हणून लाल शाईने खोडली जाते. वस्तुतः ती निरर्थक नाही. ‘फक्त’ उघडणारा कंस आहे आणि ‘च’ मिटणारा. ललित लेखनात ती टाळावी. नियमाच्या आणि कराराच्या भाषेत ती राखणे हिताचे.

६. रकमेपुढील ‘फक्त’

‘रुपये पाचशे फक्त’ या प्रयोगात ‘फक्त’चा अर्थ काय? ‘अवघे पाचशे’ असा अल्पत्वाचा अर्थ तेथे नाही. पाच कोटींच्या धनादेशावरही ‘फक्त’ लिहितातच. इतर रकमांचा निरास हाही मुख्य हेतू नव्हे. येथे अरबी शब्दाचा मूळ अर्थ, ‘आणि बस्स’, जसाच्या तसा जिवंत आहे : मजकूर येथे संपला, पुढे काही जोडू नये. उर्दू पत्रांच्या अखेरीस ‘फकत’ लिहिण्याचा प्रघात होता तो याच अर्थाने. मराठी राज्यव्यवहारात पत्राची अखेर ‘लेखनसीमा’, ‘मोर्तब सुद’ अशा शब्दांनी आणि ‘मर्यादेयं विराजते’ या अक्षरांच्या मुद्रेने बंद केली जाई. मुद्रेनंतर आलेला मजकूर पत्राचा नव्हे, ही त्यामागील योजना. व्यापारी हुंडीत हीच सावधगिरी निराळ्या मार्गाने घेतली जाई : रक्कम लिहून तिची निम्मी रक्कम व तिची दुप्पट ‘पुरी’ असे नमूद करीत, म्हणजे एक आकडा बदलणाऱ्यास सर्व बदलावे लागत.

या दक्षतेला कायद्याचाही आधार आहे. १८८१ च्या परक्राम्य संलेख अधिनियमाच्या कलम १८ नुसार रक्कम अंकांत व अक्षरांत वेगवेगळी असल्यास अक्षरांतील रक्कम प्रमाण मानली जाते. कलम ८७ नुसार संलेखातील महत्त्वाचा फेरबदल, तो तसा बदलण्यास संमती न देणाऱ्या पक्षाविरुद्ध, संलेखास शून्य करतो. अक्षरांतील रक्कम निर्णायक असल्यामुळे तिच्या दोन्ही टोकांचे संरक्षण आवश्यक ठरते. १८२७ च्या यंग विरुद्ध ग्रोट या इंग्लंडमधील खटल्यात लेखनिकाने ‘पन्नास’ या शब्दापूर्वी सोडलेल्या मोकळ्या जागेत ‘तीनशे’ घातले होते. नुकसान खातेदारावर पडले. १९१८ मध्ये लंडन जॉइंट स्टॉक बँक विरुद्ध मॅकमिलन व आर्थर या खटल्यात हाउस ऑफ लॉर्ड्सने तोच निष्कर्ष काढला. तेथे दोन पौंडांचा आकडा असलेल्या धनादेशाचे, अंकांच्या बाजूची जागा व अक्षरांची कोरी ओळ वापरून, एकशे वीस पौंड करण्यात आले होते.

पहिल्या खटल्यातील लबाडी ‘ओन्ली’ने थांबली नसती, कारण तो शब्द रकमेची मागची बाजू राखतो, पुढची नव्हे. मराठी दस्तऐवजातील ‘अक्षरी रुपये पाच हजार फक्त’ ही रचना या दृष्टीने अधिक पूर्ण आहे. ‘अक्षरी रुपये’ पुढची हद्द धरतो, ‘फक्त’ मागची. खरेदीखतात जमिनीची चतुःसीमा लिहावी तशी येथे रकमेची सीमा लिहिली जाते. इंग्रजीतही ‘रुपीज’ हा शब्द आधी व ‘ओन्ली’ शेवटी, मध्ये जागा न सोडता, लिहिण्याचा प्रघात आहे तो याचसाठी.

७. ‘तेवढ्याने’ आणि ‘त्यावाचून नाही’

आतापर्यंतच्या विवेचनाचा सर्वांत महत्त्वाचा व्यावहारिक उपयोग अटी लिहिताना होतो. इंग्रजीतील ‘ओन्ली’ दोन भिन्न संबंध दाखवू शकतो. एक, ‘त्यावाचून नाही’, म्हणजे ती गोष्ट आवश्यक आहे. दुसरा, ‘तेवढ्याने’, म्हणजे ती गोष्ट एकटी, इतर कशाची जोड नसताना. पुढील दोन वाक्ये पाहावीत :

(अ) ही जमीन केवळ पूर्वपरवानगीने विकता येईल.
(आ) ही जमीन पूर्वपरवानगीनेच विकता येईल.

दुसऱ्या वाक्याचा अर्थ स्पष्ट आहे : परवानगीवाचून विक्री नाही. पहिले वाक्य मात्र ‘नुसत्या परवानगीने विक्री होईल, अन्य कशाची गरज नाही’ असेही वाचता येते, कारण ‘केवळ’चा मूळ अर्थच ‘न मिसळलेले’ असा आहे. जे बंधन म्हणून लिहिले ते सवलत म्हणून वाचले जाण्याचा संभव येथे निर्माण होतो. ‘केवळ’च्या जागी ‘फक्त’ घातला तरी संदेह राहतोच.

हा भेद पुस्तकी नाही. कर्जत आणि खालापूर तालुक्यांत ठाकर व कातकरी समाजाच्या अनेक वाड्या आहेत. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ मधील कलम ३६ व ३६-अ यांनी आदिवासींच्या जमिनीच्या हस्तांतरावर निर्बंध घातले आहेत. ‘भोगवटादार वर्ग २’ अशी नोंद असलेल्या जमिनीही परवानगीवाचून हस्तांतरित करता येत नाहीत. मुंबई–पुणे द्रुतगती मार्ग या परिसरातून गेलेला आहे व जमिनीचे व्यवहार येथे सतत होत असतात. दस्तऐवज वाचून दाखविला जात असताना तो ऐकणाऱ्यास कलमाचा क्रमांक कळत नसेल. परंतु ‘परवानगीनेच’ यातील ‘च’ त्याच्या कानाला नेमका कळतो. तो त्याच्या बोलीतला आहे.

उलट बाजूचे उदाहरण भारतीय संविधानात आहे. अनुच्छेद १५ च्या पहिल्या खंडात धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान या कारणांवरून भेदभाव करण्यास मनाई करताना ‘ओन्ली’ हा शब्द वापरला आहे, आणि मराठी पाठात त्यासाठी ‘केवळ’ येतो. येथे ‘तेवढ्याने’ हाच अर्थ अभिप्रेत असल्यामुळे ‘केवळ’ ही निवड योग्य आहे. ‘कारणांवरूनच’ असे लिहिले असते तर अर्थ बिघडला असता. परंतु ‘तेवढ्याने’ म्हणजे किती, यावर न्यायालयांत दीर्घ चर्चा झाली. दत्तात्रय मोतीराम मोरे विरुद्ध मुंबई राज्य या खटल्यात नगरपालिकेतील स्त्रियांच्या राखीव जागांचा प्रश्न होता. मुख्य न्यायमूर्ती छागला यांनी ‘ओन्ली’वर भर देऊन असे प्रतिपादिले की, भेद केवळ लिंगाच्या आधारे नसून अन्य विचारांचा परिणाम असेल तर तो या खंडाने निषिद्ध होत नाही. तेथे हा अर्थ स्त्रियांच्या हिताचा ठरला. १९८१ मध्ये एअर इंडिया विरुद्ध नर्गेश मिर्झा या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने तशाच वाचनाचा आधार घेतला. लिंगाबरोबर इतर बाबी जोडलेल्या असतील तर तो भेद ‘केवळ’ लिंगावर आधारलेला नव्हे, असे मानले गेले आणि हवाई सेविकांच्या सेवाशर्तींतील काही भेद टिकून राहिला. २०१८ च्या नवतेज सिंग जोहर खटल्यातील आपल्या स्वतंत्र निकालपत्रात न्यायमूर्ती धनंजय चंद्रचूड यांनी हे औपचारिक वाचन नाकारले. लिंगावरून होणारा भेद समाजातील रूढ कल्पनांपासून वेगळा काढता येत नाही. म्हणून अन्य बाब जोडली एवढ्याने तो निर्दोष ठरत नाही, असा त्यांच्या मताचा आशय होता. एका क्रियाविशेषणाच्या अर्थासाठी सहा दशकांहून अधिक काळ विचार चालला, यावरून त्याचे वजन लक्षात यावे.

८. भारतीय इंग्रजीतील ‘ओन्ली’

भारतातील इंग्रजीत ‘ओन्ली’चा एक निराळा प्रयोग रूढ आहे. ‘मी खोपोलीलाच राहतो’ हे इंग्रजीत सांगताना ‘खोपोली’ या शब्दानंतर ‘ओन्ली’ ठेवला जातो. वक्त्यास ‘अन्यत्र राहत नाही’ असे बजावयाचे नसते. ‘खोपोली’ या माहितीवर भर द्यावयाचा असतो. इंग्लंडमधील श्रोत्यास मात्र त्यात अकारण निरास दिसतो. हा प्रयोग दीर्घकाळ चूक म्हणून गणला गेला. अलीकडील भाषाविज्ञानात त्याचे वर्णन भारतीय इंग्रजीचे एक नियमबद्ध वैशिष्ट्य म्हणून केले जाते. त्याचे मूळ मराठीतील ‘च’, हिंदीतील ‘ही’ यांसारख्या अव्ययांत शोधता येते. शब्द इंग्रजी, जागा देशी, आणि काम अवधारणाचे, अशी त्याची रचना आहे. धर्मकीर्तीच्या परिभाषेत सांगावयाचे तर इंग्रजी श्रोता तेथे अन्ययोगव्यवच्छेद ऐकतो; वक्त्याला अयोगव्यवच्छेद अभिप्रेत असतो.

समारोप

वरील विवेचनातून असे दिसते की, ‘ओन्ली’ आणि त्याचे मराठी प्रतिशब्द यांचे खरे काम सीमा आखण्याचे आहे. इंग्रजी ती सीमा स्थानाने व आघाताने दाखविते. मराठी ती शब्दाला चिकटणाऱ्या ‘च’ने अधिक नेमकेपणाने दाखवू शकते. भाषांतरकाराने इंग्रजी वाक्यातील ‘ओन्ली’पुढे यांत्रिकपणे ‘फक्त’ लिहिल्यास हे सामर्थ्य वाया जाते. त्याने प्रथम ठरवावे की, मर्यादा कोणत्या पदाची आहे. ती कोठे सुरू होते व कोठे संपते. आणि अट ‘त्यावाचून नाही’ या जातीची आहे की ‘तेवढ्याने’ या जातीची. पहिल्या जातीसाठी ‘च’, दुसरीसाठी ‘केवळ’ किंवा ‘नुसता’, आणि दोन्ही टोके बांधावयाची असल्यास ‘फक्त … च’ ही जोडी, अशी विभागणी नियमांच्या व दस्तऐवजांच्या लेखनात पाळली गेली, तर बरेच संदेह मुळातच टळतील. महाराष्ट्र राजभाषा अधिनियम, १९६४ नंतर राज्याचा कारभार मराठीत आणण्याचे जे कार्य झाले त्यात परिभाषेतील नामांकडे पुष्कळ लक्ष दिले गेले. कलमाचा अर्थ मात्र पुष्कळदा नामाने नव्हे, तर एका अक्षराच्या अव्ययाने ठरतो.